भिंतीला टेकलेले चौदाशे किलो

भोसरी, अंबड, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींतल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये फायबर लेझर आला, सीएनसी बेंडिंग आलं. पत्रा मात्र अनेक ठिकाणी अजून भिंतीलाच टेकलेला असतो. त्याच्या वजनाचा अंदाज डोळ्यांना येत नाही, कारण तो दिसतो कागदासारखा. ३ मिलिमीटर जाडीचा, आठ बाय चार फुटांचा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा सुमारे ७० किलो भरतो. असे वीस पत्रे टेकवले की १४०० किलो उभे राहतात, आणि त्यांना तिथे थोपवून धरतो तो फक्त मागच्या बाजूचा थोडासा कल. माझं म्हणणं असं की पत्रा ठेवणं हे आवराआवरीचं काम नव्हे. शिअरिंग आणि बेंडिंगच्याही आधीची ती पहिली प्रक्रिया आहे, आणि तिचा निकष एकच: हवा तो पत्रा बाकीच्यांना न हलवता निघाला पाहिजे.

अकरावा पत्रा हवा असला तर काय होतं ते पाहा. एक हेल्पर पुढचे दहा पत्रे वहीची पानं उलटावीत तसे एकेक करून पुढे ओढतो आणि स्वतःच्या खांद्यावर, छातीवर तोलून धरतो. दुसरा मागून हवा तो पत्रा कडेला सरकवतो. लांब कडेवर उभा असलेला ७०० किलोंचा हा गठ्ठा सरळ रेषेत असेपर्यंत हाताला हलका लागतो. तो १० अंश पुढे कलला की वरची कड धरलेल्या माणसावर सुमारे ६० किलोंचा रेटा येतो, २० अंशांवर १२० किलोंचा. म्हणजे तोल सुटू लागला की भार वाढतच जातो, आणि मागे सरायला वेळ उरत नाही. ‘आमची माणसं अनुभवी आहेत’ हे उत्तर इथे टिकत नाही. अनुभवाने हात सफाईदार होतो, वजन कमी होत नाही. इजा होईल इतकं ओझं कामगाराला उचलायला किंवा हलवायला लावू नये, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३४ नेच सांगितलं होतं.

मग पत्रे आडवे रचावेत का? ते पडत नाहीत, हे खरं. पण तळचा पत्रा हवा असला की वरचा अख्खा थर क्रेनने उचलून बाजूला ठेवा, पत्रा काढा, थर परत रचा. तोवर मशीन थांबलेलं. म्हणून खणांचा रॅक हवा. उभ्या रॅकमध्ये प्रत्येक खणाला दोन्ही बाजूंनी पक्के खांब असतात, त्यामुळे पत्रा कलूच शकत नाही आणि खालच्या रोलरवरून सरळ बाहेर येतो. पातळ पत्रा उभा ठेवला की पोक काढतो. त्याला आडवे, ड्रॉवरसारखे सरकणारे खण बरे. जागा अडते ही तक्रार हिशेबात बसत नाही. पाच प्रकारच्या पत्र्यांचे पाच ढीग १६० चौरस फूट जमीन खातात. पाच ड्रॉवरचा रॅक, पुढे ड्रॉवर उघडायची जागा धरूनही, साधारण ६४ चौरस फुटांत उभा राहतो. मात्र तो जमिनीला बोल्टने जखडलेला हवा आणि एका वेळी एकच ड्रॉवर उघडेल असा अडसर हवा, नाहीतर भरलेले दोन ड्रॉवर बाहेर येऊन रॅकच पुढे झुकेल.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. लहान शॉपला रॅक महाग पडतो. पण न घेतल्याचा खर्च बिलावर दिसत नाही इतकंच. पावसाळ्यात चिकटून पडलेल्या जीआय (जस्तलेपित) पत्र्यांमध्ये ओल अडकते आणि पांढरा गंज धरतो. एमएसला घासलेल्या एसएसवर (स्टेनलेस स्टीलवर) लोखंडाचे कण बसून तांबूस डाग उमटतात. १.२ मिलिमीटरच्या जागी १.६ चा पत्रा उचलला गेला की बेंडचा कोन चुकतो आणि जॉब भंगारात जातो. उभा रॅक तर शॉपमध्येच चॅनेल कापून बनवता येतो. फक्त त्याचं डिझाइन इंजिनिअरकडून तपासून घ्यावं आणि प्रत्येक खणावर किती किलो चालतील ते रंगवून लिहावं. तोपर्यंत पत्रे लाकडी बॅटनवर आडवे, जाडीनुसार वेगळे, बुटक्या थरांत ठेवावेत, आणि टेकवलेला गठ्ठा अंगावर घेऊन पत्रा काढायची पद्धत आजच बंद करावी.