वापरकर्त्याच्या नजरेतून : यूएक्स-यूआय डिझाइन शिकण्याच्या वाटा

कार्यालयाच्या काचेच्या दारावर 'ढकला' असे ठळक लिहिलेले असते, तरीही येणारा माणूस आधी ते ओढून पाहतो आणि ओशाळतो. वास्तविक दोष त्याचा नसतो. ओढण्याची मूठ ढकलायच्या दाराला बसविणाऱ्याचा तो दोष असतो. अमेरिकी संशोधक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली आपल्या पुस्तकात अशाच दारांची उदाहरणे देऊन, वस्तू वापरताना होणाऱ्या चुकांचे मूळ बहुधा तिच्या रचनेत असते, हे दाखवून दिले. पुढे १९९३ मध्ये नॉर्मन 'अॅपल'मध्ये गेले आणि 'यूझर एक्स्पीरिअन्स' हा शब्दप्रयोग रूढ झाला.

आज या क्षेत्राकडे वळणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी काही आठवड्यांत 'यूएक्स डिझायनर' बनविण्याचे आश्वासन देणारे, भरमसाट शुल्क आकारणारे वर्गही निघाले आहेत. मात्र या विषयाचे उत्तम साहित्य विनामूल्य किंवा अल्प खर्चात उपलब्ध आहे. गरज आहे ती निवड करण्याची.

दोन शब्द, दोन अर्थ

यूआय म्हणजे पडद्यावर दिसणारी रचना : अक्षरे, रंग, बटणे, त्यांची मांडणी. यूएक्स म्हणजे काम सुरू करण्यापासून ते पूर्ण होईपर्यंतचा सारा अनुभव. तिकीट काढताना खात्यातून पैसे वजा झाले, पण तिकीट हाती आले नाही आणि पुन्हा पैसे भरावेत की थांबावे हे पडदा सांगत नाही. अशा वेळी पडद्याचे रंग कितीही मोहक असले तरी अनुभव फसलेला असतो. केवळ चित्रे सुबक काढायला शिकविणारा अभ्यासक्रम म्हणूनच अपुरा ठरतो.

साधने जुनी होतात

एकेकाळी अनेकांनी संकेतस्थळांसाठी 'फ्लॅश' शिकण्यात वर्षे घालविली. २०२० च्या अखेरीस फ्लॅश प्लेअर बंद झाला आणि ते कौशल्य निरुपयोगी ठरले. आज 'फिग्मा'चा बोलबाला आहे. ते जरूर शिकावे. पण साधन म्हणजे विद्या नव्हे. याउलट, जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेली दहा सूत्रे आजही लागू पडतात. यंत्रणेत काय चालले आहे हे वापरकर्त्याला कळत राहावे, चूक झाल्यास सहज मागे फिरता यावे, चुकीचा संदेश साध्या भाषेत असावा, ही त्यांपैकी काही. कोणताही अभ्यासक्रम निवडताना 'कसे'बरोबर 'का' शिकवले जाते की नाही, हे पाहावे.

काय वाचावे?

नॉर्मन यांचे 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' हे पहिले पुस्तक. त्याची सुधारित आवृत्ती २०१३ मध्ये निघाली. दुसरे, स्टीव्ह क्रुग यांचे २००० साली आलेले 'डोन्ट मेक मी थिंक'. ते दोन-तीन बैठकांत वाचून होते. नॉर्मन आणि नील्सन यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेच्या संकेतस्थळावरील असंख्य लेख विनामूल्य वाचता येतात. अॅपल आणि गुगल यांच्या रचनाविषयक मार्गदर्शिकाही सर्वांना खुल्या आहेत. 'डब्ल्यूथ्रीसी' या संस्थेचे सुगम्यतेचे निकष तर प्रत्येकाने अभ्यासावेत. सामान्य आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजेडाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे ते सांगतात. पांढऱ्यावरील फिकट करडी अक्षरे भर उन्हात बसथांब्यावर का वाचता येत नाहीत, याचे उत्तर या आकड्यात आहे.

आपल्याकडील शिक्षण

आयआयटी मुंबईचे 'आयडीसी' १९६९ पासून डिझाइनचे शिक्षण देत आहे. तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी 'सीड', तर पदवीसाठी 'यूसीड' ही प्रवेश परीक्षा असते. प्रवेश मिळाला नाही तरी निराश होण्याचे कारण नाही. याच संस्थेने पुढाकार घेतलेल्या 'डी-सोर्स' या संकेतस्थळावर डिझाइनविषयक पाठ खुले आहेत.

मराठी वापरकर्त्याचे प्रश्न मात्र इंग्रजी पुस्तकांत क्वचितच सापडतात. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी ठरविलेल्या ओळींच्या अंतरात ते कापले जातात. इंग्रजी शब्दाच्या मापाने आखलेल्या बटणात मराठी शब्द मावत नाही. आयडीसीत विकसित झालेला 'स्वरचक्र' हा कळफलक या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असून व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती त्याची बाराखडी चक्राकार उमटते. शाळेत पाठ केलेला क्रमच येथे कामी येतो.

खरा गुरू समोरच

वाचनाला प्रयोगाची जोड हवी. घरातील आजी-आजोबांना किंवा शेजाऱ्यांना त्यांच्या संमतीने एखादे काम मोबाइलवर करावयास सांगावे : वीजबिल शोधणे, गाडीचे वेळापत्रक पाहणे. आपण शेजारी बसून केवळ पाहावे. मदत करू नये, सुचवू नये. बोट कुठे थबकले, कोणता शब्द दोनदा वाचला, कुठे 'माझेच काहीतरी चुकले' असे उद्गार निघाले, याची नोंद करावी. प्रत्येक फेरीस पाच माणसेही पुरतात, असे नील्सन यांनी २००० साली मांडले होते. दोष दुरुस्त करून पुन्हा नवी फेरी घ्यावी, हे त्यातील मर्म.

या नोंदी, त्यांवरून सुचलेला बदल आणि त्या बदलानंतरचा अनुभव एकत्र मांडला की नोकरीसाठी दाखविण्याजोगे काम तयार होते. नुसत्या प्रमाणपत्राहून त्याचे मोल अधिक असते. कारण त्यातून उमेदवार विचार कसा करतो, हे दिसते.

यंत्रापुढे माणूस अडला की तो स्वतःलाच अडाणी समजतो. त्याचा हा गैरसमज दूर करणे, आणि दाराची मूठ योग्य ठिकाणी बसविणे, हेच या विद्येचे प्रयोजन होय.