लायसन्स आरटीओ देतं, पण बोरघाट उतरायला कोण शिकवतं?

२६ जुलै २०२५, शनिवार. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर खोपोलीजवळ घाट उतरणाऱ्या एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. त्याने पुढच्या जवळपास २० गाड्यांना धडक दिली आणि एका महिलेचा जीव गेला.

अशी बातमी आली की कमेंट ठरलेली असते, "यांना लायसन्स देतं कोण?"

तर आधी लायसन्सचंच बघू. समजा, नेरळच्या एका पोराला ट्रकच्या लाईनीत उतरायचंय. त्याचं वय किमान २० वर्षं हवं. आधी कारसारख्या हलक्या गाडीचं लायसन्स काढून एक वर्ष झालेलं हवं. मग ट्रेनिंग, टेस्ट आणि हातात लायसन्स. आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली.

आता हा पोरगा कर्जतमार्गे खोपोलीला येतो, घाट चढून पुण्याला जातो आणि माल भरून परत निघतो. खरी परीक्षा इथं सुरू होते. लोणावळ्याहून खोपोलीला येताना रस्ता थोडक्या अंतरात ५०० मीटरहून जास्त खाली उतरतो. मागे कित्येक टन लोड असतो.

नवा ड्रायव्हर इथं सहसा दोन चुका करतो.

पहिली चूक, सारखा ब्रेक दाबून ठेवणं. त्यामुळे चाकातला ड्रम तापून पसरतो, लायनरची पकड सुटते. पाय पेडलवर असतो, पण गाडी थांबत नाही. 'ब्रेक फेल' म्हणतात त्यात बऱ्याचदा हेच झालेलं असतं.

दुसरी चूक, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं. यात वाचत काहीच नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सलरेटर सोडला की आजच्या इंजिनात डिझेलचा पुरवठा जवळपास थांबतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. वर गाडीला रोखून धरणारं इंजिन बाजूला होतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. काहीजण तर इंजिनच बंद करतात. मग स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकसाठी लागणारी हवा भरणंही थांबतं.

म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. उतार लागायच्या आधी थांब. हवेचा काटा बघ. टायर वाजवून बघ. खालचा गिअर वरच टाक, मधे बदलायला जाऊ नकोस. एक्झॉस्ट ब्रेक लाव. पायातला ब्रेक थोडा वेळ दाब, वेग उतरला की सोड, म्हणजे ड्रमला थंड व्हायला वेळ मिळतो.

याच डोंगरात हा धडा रेल्वेने फार आधी गिरवलाय. बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली. उतारावर गाडी ताब्यात राहिली नाही तर तिला अडवायला तिथं कॅच सायडिंग, म्हणजे वर चढत जाणारे वेगळे रूळ आहेत. नेरळहून १९०७ मध्ये सुरू झालेल्या माथेरानच्या मिनी ट्रेनलाही डब्यांचे ब्रेक लावायला वेगळी माणसं असायची. उतारावर सगळी भिस्त एकाच ब्रेकवर ठेवायची नाही, हे रेल्वेने नियमात आणि रुळांत बसवलं.

ट्रकवाल्यांकडे हे ज्ञान तोंडी चालत आलं. पोरगा आधी क्लीनर म्हणून चढायचा, काही वर्षं उस्तादाशेजारी बसायचा, ताडपत्री बांधायचा, टायर बदलायचा आणि बघत बघत घाट शिकायचा. आता अनेक गाड्यांवर क्लीनरच नसतो. ड्रायव्हर एकटा, डिलिव्हरीची वेळ ठरलेली आणि ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस.

म्हणजे उस्तादाशेजारची ती सीट रिकामी झाली, पण तिची जागा कुठल्या पक्क्या ट्रेनिंगने घेतली नाही. नेरळचा पोरगा पहिल्यांदा लोड घेऊन बोरघाट उतरतो तेव्हा त्याच्या पुढे शंभर गाड्या असतात. त्यातली एखादी आपलीही असते.