कोंबडीला घाम येत नाही, मैत्रिणींनो!

नवतपा लागला की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात दुपारी बारा ते पाच रस्त्यावर काळं कुत्रंही दिसत नाही. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो, तेव्हापासूनचे हे नऊ दिवस. घरोघरी कूलर घरघरत असतात, खिडक्यांना वाळ्याचे तट्टे लागलेले असतात आणि बाया कशाबशा स्वयंपाक उरकून फरशीवर आडव्या होतात.

२०१७ सालच्या अशाच एका दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या फाटकाची कडी वाजली. दारात आमच्या बचत गटातली एक जण उभी. डोक्यावर पदर, हातात टॉवेलचं गाठोडं. गाठोडं तिनं ओसरीवर ठेवलं आणि मटकन खाली बसली. टॉवेलमध्ये पाच कोंबड्या होत्या. मेलेल्या. चोची उघड्या, पंख पसरलेले.

"ताई, माह्या कोंबड्या गेल्या वो," ती म्हणाली. "आता हप्ता कुठून भरू?"

मला काय बोलावं सुचेना. कारण त्या कोंबड्या तिच्या दारात आल्या होत्या त्या माझ्या सांगण्यावरून.

त्याचं असं झालं होतं. आमच्या गटात अकरा जणी. शिवणकाम, पापड, मसाले सगळं करून झालं होतं. मग मीच सुचवलं, परसातल्या कोंबड्या पाळूया. गावठी अंड्याला मागणी चांगली, जागा लागत नाही, घरातलं खरकटं आणि कणी यावर निम्मं भागतं. मार्चमध्ये सुधारित जातीची शंभर पिल्लं आणली. गटातूनच कर्ज दिलं. एक छापील पत्रक मिळालं होतं, तेवढ्या भांडवलावर मी बैठकीत छान भाषणही ठोकलं! खुराडं असं असावं, खाद्य दिवसभर पुढ्यात असावं, जनावरांपासून जपण्यासाठी खुराडं बंद ठेवावं, वगैरे वगैरे.

त्या आठवड्यात शंभरातली एकोणसाठ गेली. कोणाकडे तीन, कोणाकडे आठ. ज्या बाईनं ते गाठोडं आणलं, तिचा हिशेब ठरलेला होता. पावसाळा संपता संपता अंडी सुरू होतील आणि त्या पैशातून मुलीच्या बारावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा.

रविवारी बैठक झाली. कोणी मला दोष दिला नाही, पण गटातल्या सर्वांत वयस्कर मावशींनी एकच प्रश्न विचारला, "ताई, तुम्ही कधी कोंबडी पाळली काय?"

मी मान खाली घातली. आमचं घर माळकरी. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही. कोंबडीची पिसं मी लांबूनच पाहिलेली. बी.ए.ला मराठी वाङ्मय होतं आणि त्यात खुराड्याचा धडा नव्हता! हप्त्यांना चार महिने मुदत द्यायची असं गटानं ठरवलं. त्या मुलीच्या फॉर्मचे पैसे मी घरखर्चातून काढून दिले. पण मनाला टोचणी लागली ती लागलीच.

मग मी शिकायला लागले. मावशींकडून, आमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून, आणि पुढच्या वर्षी चक्क राजस्थानातून.

डॉक्टरांनी पहिलीच गोष्ट अशी सांगितली, की माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगात घामाच्या ग्रंथीच नाहीत. तिच्या शरीराचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंशांच्या घरात. म्हणजे आपल्याला फणफणून ताप आला असता तेवढं तिचं रोजचंच! वर पिसांची गोधडी. बाहेर ४५ अंश झाले की अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे मुख्य मार्ग एकच उरतो, चोच उघडून धापा टाकणं. थोडीफार उष्णता तुऱ्यातून, गळ्याखालच्या लोलकांतून आणि उघड्या पायांतून जाते. म्हणून ती पंख अंगापासून लांब धरून उभी राहते. आपण म्हणतो, "कोंबडी सुस्तावली." ती सुस्तावलेली नसते, जिवाच्या आकांतानं स्वतःला गार करत असते.

आता माझं भाषण आठवा. खाद्य दिवसभर पुढ्यात ठेवा! खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते. सकाळी दहाला पोटभर खाल्लं की ती उष्णता नेमकी भर दुपारी वाढते. म्हणजे बाहेरून सूर्य आणि आतून चूल. खुराडं बंद ठेवा! वर टिनाचा पत्रा, तोही हातभर उंचीवर, दार फळीचं. आम्ही खुराडी नव्हे, भट्ट्या बांधल्या होत्या. पाणी ठेवलं होतं जर्मनच्या भांड्यात, उन्हात. बारा वाजता त्या पाण्यात बोट घालवत नव्हतं. पाणी कढत झालं की कोंबडी पितच नाही, आणि नेमकं तेव्हाच तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट पाणी हवं असतं.

आणखी एक गोष्ट तेव्हा कोड्यात टाकत होती. सर्वांत गुबगुबीत होत्या त्याच आधी गेल्या. लहानपणी, मार्चच्या उन्हात, हीच पिल्लं मजेत होती. कारण अगदी लहान पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंशांची ऊब लागतेच. पिसं भरली, अंग भरलं की गणित उलटं होतं. जितकं वजन जास्त तितकी उष्णता बाहेर पडायला कठीण.

२०१८च्या मे महिन्यात जोधपूरला जायचा योग आला. आमच्या वन्सं तिथे राहतात, त्यांच्याकडे लग्न होतं. ऐन मे महिन्यात जोधपूर! यजमान म्हणाले, "इथलं ऊन कमी पडलं वाटतं तुला." खरं सांगते, मला लग्नापेक्षा जास्त उत्सुकता होती ती तिथल्या कोंबड्यांची. त्याच भागातल्या फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तिथे माणसं जगतात, तर कोंबड्या कशा जगत असतील?

लग्न आटोपल्यावर वन्संनी त्यांच्या कामवाल्या बाईच्या ढाणीवर नेलं. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती. मातीच्या भिंतींची गोल झोपडी, वर गवताचं जाड छप्पर, अंगणात खेजडीचं झाड. झाडाखाली दहा-बारा कोंबड्या. आपल्या सुधारित जातींपुढे त्या अगदीच किडकिडीत दिसत होत्या. लांब पायांच्या, हलक्या अंगाच्या. प्रत्येकीनं सावलीत खड्डा उकरला होता आणि त्यात पोट टेकून बसली होती. वरची वाळू तापलेली, पण चार बोटं खाली माती गार. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं! पाण्याचं मातीचं भांडं निम्मं जमिनीत पुरलेलं. हात धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी ती बाई झाडाच्या बुंध्याशी टाकत होती. तिथे पाणी मोलाचं, पण त्या एका वापरात झाड जगत होतं आणि जमीन गार राहत होती. बाजरी टाकायची ती पहाटे आणि दिवस कलल्यावर. मी विचारलं, दुपारी कोंडत नाही का? ती मारवाडीत काहीतरी बोलून हसली. वन्संनी सांगितलं, "ती म्हणते, कोंबडीला सावली कुठे आहे ते कळतं. आपण फक्त वाट अडवायची नाही."

मी गप्प झाले. आम्ही नेमकी वाटच अडवली होती.

परत आल्यावर गटाची बैठक घेतली. या वेळी भाषण नाही केलं. अकरा जणींची खुराडी पाहत फिरलो आणि एकेक गोष्ट बदलत गेलो. त्या तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पत्रा काढता आला नाही तर त्यावर वीतभर तणस नाहीतर पऱ्हाट्या टाकल्या. काहींनी चुन्याचा पांढरा हात दिला. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड बाजूंवर येतं. फळीच्या दाराऐवजी बारीक छिद्रांची मजबूत जाळी लावली. मुंगूस बाहेर, वारा आत. दिवसा कोंबड्या चिंचेखाली, कडुनिंबाखाली मोकळ्या. झाड नसेल तिथे काठ्या रोवून जुनं लुगडं ताणलं. सावलीत माती भुसभुशीत करून त्यात थोडी राख मिसळली. कोंबड्या त्यात लोळतात, गार होतात आणि उवाही कमी होतात.

पाणी मातीच्या पसरट परळात, सावलीत, एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी. कारण दांडगी कोंबडी दुबळीला पिऊ देत नाही. सकाळी भरायचं, बाराला आणि तीनला बदलायचं. खूप तलखी असेल त्या दिवशी लिटरभर पाण्यात चिमूटभर मीठ आणि सुपारीएवढा गूळ, तोही काही तासच. नंतर साधं स्वच्छ पाणी. खाद्य पहाटे उजाडताना आणि ऊन उतरल्यावर.

उन्हाळ्यात अंडी कमी होतात आणि कवच पातळ होतं. त्यामागेही धापाच. सतत धापा टाकल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच घडायला लागणारा मालमसाला पुरत नाही. कवच मुख्यतः रात्री तयार होतं, म्हणून शिंपल्यांचा चुरा संध्याकाळच्या खाद्यात द्यावा. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावी. माठाच्या बुडाशी ओली वाळू ठेवून वर टोपलीत ठेवली तर टिकतात. आणि होळीनंतर खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवू नये, हा आमच्या मावशींचा नियम आता मीही पाळते. उबवायला ठेवलेली अंडी उन्हाळ्यात फार वाया जातात.

एक सावधगिरीची गोष्ट. गोणपाट ओलं करून खुराड्याच्या जाळीवर टाकलं की कूलरसारखा गारवा येतो. पण तो कोरड्या हवेत! मृगाचा पहिला पाऊस पडला, घामाच्या धारा लागल्या, की गोणपाट काढून टाकावं. दमट हवेत ओलावा आणखी वाढला तर धापांतूनही उष्णता बाहेर पडत नाही. एका वर्षी नवतप्यातून वाचलेल्या दोन कोंबड्या आम्ही जूनमध्ये अशाच घालवल्या.

कोंबडी मान टाकायला लागली, डोळे मिटायला लागली, तर तिला सावलीत घेऊन पाय आणि पोट साध्या पाण्यात बुडवावं. बर्फाचं पाणी नको आणि दुपारचं नळाचं तर नकोच, ते कढत असतं. सावलीतल्या बादलीतलं घ्यावं. घशात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं.

मात्र दरवेळी दोष उन्हाचाच असतो असं समजू नका. उन्हानं मरते ती बहुधा दुपारी-संध्याकाळी. पण हिरवट शीट, वाकडी मान, घरघर असेल तर मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग असू शकतो. त्याची लस वेळेवर टोचून घ्यावी, आणि आणताना बर्फात ठेवून आणावी. उन्हात तापलेली लस म्हणजे नुसतं पाणी. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नयेत, ओढ्यात फेकू नयेत, दवाखान्यात कळवावं. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता. सर्वांना आठवत असेलच.

जात निवडताना मोठ्या अंगाचा मोह धरू नका. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं वनराजा, ग्रामप्रिया या जाती परसासाठीच तयार केल्या आहेत. उदयपूरच्या कृषी विद्यापीठानं राजस्थानसाठी प्रतापधन ही जात दिली. पण सावली आणि पाणी नसेल तर कुठलीही जात टिकत नाही. आमच्या गटात आता निम्म्या गावठी, निम्म्या सुधारित असतात. उघड्या मानेच्या गावठी कोंबड्या दिसायला अगदी कुरूप, पण पिसं कमी असल्यानं उन्हात काटक.

गेल्या मे महिन्यात अकरा घरांत मिळून तीन कोंबड्या गेल्या. तीनही मनाला लागल्या, पण एकोणसाठ आणि तीन यात फरक आहे ना? ती गाठोडंवाली बाई आज गटातल्या नव्या जणींना खुराडं कसं बांधायचं ते शिकवते. तिची मुलगी बारावी झाली, पुढे शिकली, नोकरीला लागली. हे सगळं कोंबड्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण अंड्यांचे पैसे नवऱ्यापुढे हात न पसरता मिळालेले असतात, आणि त्यांची किंमत बाईलाच कळते.

आणि हो, आमच्या माळकरी घराच्या परसातही आता चार कोंबड्या आहेत! ज्याचं आपण लोकांना सांगतो ते आधी स्वतः करून पाहावं, एवढा धडा मी घेतला. अंडी घरात येत नाहीत, परस्पर शेजारी जातात. सुरुवातीला सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. यंदा नवतप्यात भर दुपारी मी जरा डोळा लावला होता, तर त्यांचा आवाज आला, "अगं, झोपलीस काय? त्या मुक्या जिवांचं पाणी तापलं असेल. बदल बरं आधी!"

मी उठले आणि परळ भरून आले. तुम्हीही आज दुपारी एकदा परसात डोकावून पाहा. पाण्यात बोट घाला. आपल्याला चटका बसला, तर तिला पिववणार नाही.