कलम 9 आणि अमेरिकेचा हिशेब

बौद्ध परंपरेचा देश शस्त्रे का वाढवतो? बारामती-इंदापूरकडच्या आपल्या तरुणांनी हा प्रश्न विचारताना टोकियोइतकेच वॉशिंग्टनकडेही पाहावे.

3 मे 1947 ला लागू झालेल्या जपानी संविधानाच्या कलम 9 मध्ये युद्धाचा त्याग आहे. मसुदा अमेरिकी अधिकाऱ्यांचाच. पण 1950 मध्ये कोरियात युद्ध पेटताच त्याच अमेरिकेने जपानला राखीव पोलीस दल उभारायला लावले. 1954 मध्ये त्याचेच स्वसंरक्षण दल झाले. आज चीनला रोखायला अमेरिकेला तळ हवेत. जपानच्या एक टक्क्याहून कमी भूभाग असलेल्या ओकिनावात अमेरिकी तळांची सुमारे 70 टक्के जमीन आहे. सेनकाकू बेटांभोवती चिनी जहाजे फिरतात, म्हणजे जपानची भीती खोटी नाही. पण त्या भीतीवर धंदाही होतो. 2024 च्या करारानुसार जपान अमेरिकेकडून 400 पर्यंत टॉमाहॉक क्षेपणास्त्रे घेत आहे.

याला जपानी भिक्खूंचा विरोध जुना आहे. 1933 मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटलेल्या निचिदात्सु फुजी यांच्या संघाचे भिक्खू 1956 मध्ये टोकियोजवळच्या सुनागावात अमेरिकी धावपट्टीच्या विस्ताराविरुद्ध शेतकऱ्यांसोबत पोलिसांसमोर बसले. 1968 मध्ये अमेरिकेने तो बेत सोडला.