पिल्लू आणण्याआधी घराची परीक्षा

व्यापारी माणूस नव्या गिऱ्हाइकाला उधारी देण्यापूर्वी चार ठिकाणी चौकशी करतो. त्याची ऐपत पाहतो, व्यवहार पारखतो आणि मगच वहीत नाव मांडतो. तोच माणूस मुलांच्या हट्टापुढे नमून दहा-बारा वर्षांची जबाबदारी मात्र एका संध्याकाळी, केवळ पिल्लाचे रूप पाहून घरी आणतो. कुत्रा ही मुकी जबाबदारी आहे. तिची मुदत संपेपर्यंत ती फेडावीच लागते, म्हणून चौकशी अगोदर व्हावी हे उत्तम.

पहिली चौकशी हवामानाची. वरणगाव, भुसावळ हा तापीकाठचा पट्टा. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या घरात जातो, दुपारी पेठ ओस पडते आणि पत्र्याच्या छपराखाली माणसालाही बसवत नाही. माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांतून येतो. शरीरातील उष्णता तो मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून बाहेर सोडतो. त्याचे नेहमीचे तापमान साधारण 38 ते 39 अंश असते. ते 41 अंशांच्या पुढे गेले तर जिवावर बेतते. हे ध्यानात घेतले म्हणजे सायबेरियन हस्कीचा मोह आपोआप ओसरतो. सायबेरियातील चुकची लोकांनी बर्फावरून गाड्या ओढण्यासाठी वाढवलेली ही जात. तिच्या अंगावर लोकरीचे दुहेरी आवरण असते. वातानुकूलित खोलीत तिला दिवसभर कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे, कारण मैलोन् मैल धावणे हाच तिचा स्वभाव आहे.

पगची अडचण निराळी. त्याचे नाक इतके चपटे की धाप टाकणेही त्याला नीट साधत नाही. 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे चालणारा पग देशभर गाजला आणि घरोघरी त्याची मागणी वाढली. जाहिरात अर्ध्या मिनिटाची असते. पगचा उन्हाळा चार महिन्यांचा असतो.

दुसरी चौकशी त्या जातीच्या मूळ कामाची. लॅब्रेडॉरचे पूर्वज कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांना मदत करीत. म्हणून त्याला पाणी आवडते आणि भूक भारी असते. दुकानामागच्या दोन खोल्यांत त्याला मिठाई-बिस्किटांवर ठेवले तर वजन वाढते आणि कमरेचे सांधे निकामी होऊ लागतात. जर्मन शेफर्ड ही जात 1899 पासून जर्मनीत मेंढ्या राखण्यासाठी जाणीवपूर्वक घडवली गेली. तिच्या बुद्धीला रोज काम हवे असते. ते न मिळाल्यास ती भुंकण्यात आणि फाडण्यात वेळ घालवते. मराठी मुलखाच्या सीमेवरील मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजघराण्याने नावारूपाला आणलेला मुधोळ हाउंड आणि महाराष्ट्रातील कारवानी हे काटक, आपल्या उन्हाला सरावलेले खरे. पण दोन्ही शिकारी वाणाचे आहेत. ससा, खार, मांजर दिसताच त्यांचे पाय थांबत नाहीत. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घराने या स्वभावाचा विचार आधी करावा.

तिसरी चौकशी ताटाची, आणि आपल्या घरांत हीच खरी अडचण. बाजारातील बहुतेक तयार खाद्यांत कोंबडीचे किंवा अन्य मांस असते. कुत्रा मूळचा मांसाहारी असला तरी मांजराइतका मांसावर अवलंबून नाही. 2013 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या संशोधनानुसार, माणसाच्या सहवासात राहून कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवण्याची शक्ती लांडग्यापेक्षा पुष्कळ अधिक लाभली आहे. त्यामुळे पशुवैद्याच्या सल्ल्याने संतुलित शाकाहारावर कुत्रा राहू शकतो. मात्र दूध-पोळी म्हणजे संतुलित आहार नव्हे. प्रथिने, क्षार आणि जीवनसत्त्वांचा हिशेब जुळावा लागतो, आणि मोठ्या कुत्र्यांना दूध पुष्कळदा बाधते. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक आहे. जैन स्वयंपाकघरात ही भीती मुळातच नाही. पण द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही त्याला विषासमान आहेत, हे मुलांना बजावून सांगावे. त्याची दोन जेवणे सूर्यास्तापूर्वी सहज बसतात. पशुवैद्याने मांसाहार अपरिहार्य ठरवला तर घर काय करणार, याचे उत्तर मात्र पिल्लू येण्यापूर्वीच ठरलेले असावे. मांजर तर मांसाविना निरोगी राहणे फार कठीण. शाकाहारी घराने तो विचार न केलेलाच बरा.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. त्यांत बांधून ठेवणे, अवयव छाटणे आणि अन्नपाणी तोडणे हे येतात. दिवसभर जिन्याखाली साखळीला असलेला कुत्रा, शोभेसाठी कान-शेपूट छाटलेला कुत्रा आणि यात्रेला जाताना शेजाऱ्याच्या भरवशावर उपाशी राहिलेला कुत्रा, हे तिन्ही त्या यादीत बसतात. देशाचा कायदाही हेच सांगतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार अवास्तव आखूड साखळी, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे, पुरेसे अन्नपाणी न देणे आणि विनाकारण सोडून देणे हे गुन्हे आहेत.

विकत घ्यायचेच झाले तर 2017 चे श्वान पैदास व विक्री नियम माहीत असावेत. पैदास करणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई पाहू द्या, असा आग्रह धरावा; टाळाटाळ झाली तर माघारी फिरावे. शास्त्रांनी पंधरा कर्मादानांत असतीपोषण, म्हणजे पैशासाठी अशा प्राण्यांचे पालन, त्याज्य मानले आहे. त्या व्यवहाराला गिऱ्हाईक होतानाही विचार व्हावा. त्यापेक्षा आपल्याच गल्लीतील गावठी पिल्लू घेणे सोपे. त्याच्या कैक पिढ्यांनी हेच ऊन सोसलेले असते. जीवंधरकुमाराने मरणासन्न कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला, त्या कथेत कुत्र्याची जात विचारलेली नाही.

शेवटी घराने एकत्र बसून काही प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत. उन्हाळ्यात डांबर तापण्यापूर्वी पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी त्याला कोण फिरवणार? दुकान, शाळा आणि स्वयंपाक यांत दुपारी त्याच्याजवळ कोण असेल? शिखरजी, पालिताण्याच्या यात्रेत आणि लग्नसराईत तो कोठे राहील? रेबीजसह सर्व लसी, नसबंदी आणि पशुवैद्याचा खर्च वर्षाच्या अंदाजपत्रकात बसतो का? मारण्याची वेळ येऊ नये म्हणून गोचीड होऊच न देण्याची स्वच्छता कोण राखेल? मुले शिकायला पुण्याला गेली की त्याची जबाबदारी कोणाची?

उत्तरे समाधानकारक नसतील तर पिल्लू न आणणे हीही दयाच आहे. दारात पाण्याचे भांडे, ओट्याखाली सावली, गल्लीतील कुत्र्यांच्या नसबंदीला आणि लसीकरणाला हातभार, पांजरापोळाला मदत, एवढे कोणत्याही घराला करता येते. आणि उत्तरे जुळत असतील तर पुढची बारा वर्षे त्या जिवाचा आपल्यावर हक्क आहे, हे जाणून दार उघडावे.