चीक आधी वासराचा
बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात काय किंवा तापीकाठच्या कुठल्याही गोठ्यात काय, गाय व्याली की घरात खरवसाची आठवण निघते. पण चीक आधी वासराचा. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगाशी लढणारे घटक जवळजवळ मिळत नाहीत. ते चिकातूनच येतात, आणि वासराचं आतडं ते जेमतेम पहिले 24 तास शोषून घेतं. म्हणून पहिल्या दोन तासांतच चीक पाजावा. 25 किलोच्या वासराला दिवसभरात अडीच लिटर तरी हवा.

आई दगावली असेल तर नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या गाईचा चीक मागून आणा. अशा वेळी कुणी नाही म्हणू नये. पुढे कोमट दूध, थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा. बाटलीने पाजताना वासरू उभं हवं. आडवं पाडून ओतलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. नाळेला टिंक्चर आयोडीन जन्मल्याबरोबर लावा.