संस्कृतांत छापलेलें एक पान

पत्त्यांचा डाव सभ्य कुटुंबांत नेहमींच थोडासा बदनाम. तथापि देवांचीं चित्रें हातीं घेऊन खेळणें आपल्याकडे नवें नाहीं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांत दहा अवतारांचीं मिळून १२० गोल पानें असतात. आज ज्या पानाविषयीं आम्ही लिहीत आहों, तें मात्र अमेरिकेंतलें आहे, आणि संस्कृत पढलेल्या माणसानें आवर्जून पाहावें असें आहे.

रिचर्ड गार्फील्ड या गणितज्ञानें १९९३ सालीं 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ काढला. त्यांत खेळणारा मांत्रिक होतो. पुष्कळ पानांवर एखादा मंत्र किंवा प्राणी असून त्याचा नियम तेथेंच छापलेला असतो. नवा संच विक्रीस येण्यापूर्वीं भरणाऱ्या सामन्यांत एक खास पान भेट मिळे. २००० सालीं असें पान लॅटिनमध्यें निघालें, मग प्राचीन ग्रीकमध्यें, आणि २००१ सालीं 'अपॉकॅलिप्स' संचाच्या वेळीं 'फंगल शँबलर' हें पान चक्क संस्कृतांत! पुढें अरबी, रशियन व हिब्रू यांचीही पाळी आली.

चित्रांतला प्राणी म्हणजे कवकाचा एक अजस्र पशु. बळ सहा, टिकाव चार. मनुस्मृतींत लसूण-कांद्याच्या पंक्तीस बसवून कवकें निषिद्ध ठरविलीं आहेत. उलट मेघदूतांत मेघगर्जनेसरशीं उगवणारीं शिलींध्रें भूमीच्या सुपीकतेची खूण ठरतात. आमच्या जुन्नर-आंबेगांवच्या मंडळींस तर मायावी कवकासाठीं परदेशीं पाहण्याचें कारणच नाहीं. भीमाशंकरच्या अभयारण्यांत पावसाळ्याच्या काळोख्या रात्रीं कुजक्या लांकडावर मायसीना जातीचें कवक हिरवट प्रकाशानें उजळतें.

परंतु आम्हांस मोह पडला तो नियमाचा. हा पशु प्रतिस्पर्ध्यास इजा करील तेव्हां आपण हवें तर एक पान उचलावें. उचलल्यास मात्र त्यानें हातांतलें एक पान टाकलेंच पाहिजे. पहिल्यांत मुभा, दुसऱ्यांत सक्ती. आतां हें संस्कृतांत मांडून पाहावें! पाणिनीनें तव्यादि कृत्य प्रत्यय आज्ञा व अनुज्ञा या दोन्ही अर्थीं सांगितले आहेत. तेव्हां नुसतें 'तव्य' लावून सुटका होत नाहीं, 'यदि' आणि 'इच्छति' यांस शरण जावेंच लागतें. देवतास्तुतीला सरावलेल्या आमच्या लेखणीस हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं.

एक सल मात्र राहतो. हें पान खेळण्यास संस्कृत येण्याची गरज नाहीं. चित्र ओळखीचें, नियम इंग्रजी पानावरून पाठ. देवभाषा तेथें शोभेपुरती. पण मंगलाष्टकें चाललीं असतां अक्षता टाकणाऱ्यांपैकीं किती जणांस अर्थ कळतो, हें आठवलें म्हणजे आमचा राग निवळतो.

ज्या घरीं मुलांजवळ असलीं पानें असतील, तेथील वडील माणसांनीं तीं काढून घेण्याआधीं एखादा नियम संस्कृतांत उतरवून मागावा. सुभाषितें पाठ करतांना जांभया देणारीं मुलें नियमांत पळवाट राहिली कीं विभक्तीवरून हमरीतुमरीवर येतात.